पाचवीचा कागद

रेणू, ये बाई, अशी गुडघ्याला गुडघा लावून बस. तू पुण्यात बसून हे वाचणार, मला माहीत आहे, पण मनानं तरी इकडं सरक, कारण आधी तुला चार शब्द सुनवायचेत. मागच्या खेपेला आलीस तेव्हा तुझ्या लेकीनं, जाईनं, माझ्या गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी काढलं आणि तू तिच्या हातावर चापट मारलीस. वर शेजारणींसमोर म्हणालीस, "बोलत तर नाहीच, वरून भिंती घाण करते." फडकं ओलं करून पुसायलाही लागलीस. मी ते फडकं तुझ्या हातातून ओढून घेतलं तशी तू माझ्याकडं बघतच राहिलीस. म्हातारीला एका गोठ्याच्या भिंतीचं एवढं काय पडलंय, असं तुझ्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा घरात माणसं होती, सांगता आलं नाही. आता लिहून सांगते. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं पुड्या बांधून आलेल्या कागदांवरून वाचून शिकले, तेव्हा वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या तर तू सांभाळून घे. अर्थ तिकडचा इकडं होणार नाही, एवढं बघते.

आज मी अशी बोलते की एसटीत माझ्या शेजारी बसलेली बाई एक थांबा आधीच उतरते. पण लहानपणी मी दोन वर्षं मुकी होते. दोन वर्षांत एक शब्द नाही. तुझ्या आईला यातलं अर्धंच ठाऊक आहे, आणि ते अर्धंही तिला दुसऱ्यांकडून कळलं, कारण याचा शेवट झाला तेव्हा ती चार-आठ दिवसांची होती.

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. माळवदाचं घर, पुढं ओसरी, मागं परस, आणि परसात आड. घरात आबा म्हणजे माझे आजोबा, आई, काका आणि काकी. वडील हिंगोलीला कापसाच्या जिनात कामाला होते, पंधरा दिवसांनी यायचे. आणि आम्ही दोघी बहिणी, मी मंदा आणि माझ्याहून दीड वर्षानं लहान सुली. सुलीच्या हनुवटीवर गोंदलेला एक हिरवा ठिपका होता. औंढ्याच्या यात्रेत आईनं दोघींना गोंदवायला बसवलं होतं, मी सुई बघूनच पळाले आणि सुली बसून राहिली. त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटेचं जातं, भाकरी थापताना आईच्या बांगड्या, आबांचं खाकरणं, आणि या सगळ्याच्या मागं आडावरचा रहाट. तो रहाट भर दुपारी, कुणी पाणी शेंदत नसताना, वारा पडलेला असतानाही एकदाच कुरकुरायचा. घरातलं कुणी मान वर करून बघायचं नाही. काकी नवी नवरी होऊन आली तेव्हा एकदा तिनं विचारलं, "आत्याबाई, कोण पाणी काढून राहिलं?" ती माझ्या आईला कौतुकानं आत्याबाई म्हणायची. आई म्हणाली, "भाकरीकडं ध्यान दे, करपून राहिली."

त्या आडाला कठडा नव्हता. जमीन चालत चालत जायची आणि एकदम संपायची. काठावर उभं राहायला दोन चपटे दगड आणि बाभळीची एक फळी, बस. कठडा का नाही? तर आबा म्हणायचे, आड साती आसरांचा आहे. पाण्यातल्या सात बहिणी. त्यांना येण्याजाण्याला वाट मोकळी लागते, त्यांच्या डोळ्यांपुढं दगड रचला की घराचं वाटोळं. आबांच्या बापानं एकदा रचायला घेतला होता म्हणे, तर दावणीचा बैल बसल्या जागी गेला. त्यानंतर दरसाल आसरांना खण, बांगड्या, हळद-कुंकू वाहायचं आणि काठाला दगड लावायचा नाही, असा घराचा कायदाच झाला.

आम्हा दोघींचा एक खेळ होता. पालथं पडून आडात तोंड घालायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. दुसऱ्या आडांतून हाक लगेच परत येते. आमचा आड आधी जरासा थांबायचा, विचार केल्यासारखा, आणि मग परत द्यायचा. ते थांबणंच आम्हाला आवडायचं. त्या दिवशी सुलीनं माझं नाव घेतलं. "मंदे!" आम्ही वाट बघितली. आवाज परत येईना. "आज काहून न्हाई देत गं?" म्हणून ती कान लावायला अजून पुढं सरकली.

पाण्याचा आवाज झाला. आणि सगळं पुन्हा शांत झाल्यावर, मी एकटी काठावर पडलेली असताना, आडातून हाक आली. "मंदे!"

आपल्याकडं लेकरांना शिकवतात ना, कुणी हाक मारताना दिसलं नाही तर ओ द्यायची नाही. मी ओ दिली नाही. तोंड गच्च मिटून घेतलं. नंतर माणसं धावली, आई आली, सगळं झालं, पण मी तोंड उघडलं नाही. मला भीती वाटायची की मी कुणालाही, कसलीही ओ दिली तरी ती आडाला पोचेल. आबांनी मला औंढ्याला नागनाथापुढं बसवलं, नरसीहून अंगारा आणला, कुणीतरी सांगितलं म्हणून जिभेला वेखंड चोळलं. गावातली पोरं मला "मुकी, मुकी" म्हणायची. आणि घरात सुलीचं नाव घेणं बंद झालं. आबा म्हणाले, "नाव घेतलं की ती मागं वळून बघंल." तिचं परकर-पोलकं, तिची चिंचोक्यांची पिशवी, सगळं नाहीसं झालं. जणू आम्ही दोघी नव्हतोच कधी.

तोंड बंद झालं तसे माझे हात चालायला लागले. चुलीतला कोळसा घ्यायचा आणि गोठ्याच्या भिंतीवर काढत बसायचं. बैल, रहाट, आई, आणि सुली. सुलीच्या हनुवटीवर ठिपका. हळद शिजवायच्या दिवसांत पिवळं पाणी मिळायचं, बोट बुडवून त्यानं काढायचे. आबांची नजर अधू, काका शेतात, कुणाला पत्ता नाही. पण आई दर आठ दिवसांनी शेणानं भिंत सारवायची, आणि माझ्या चित्रांभोवती वीतभर जागा कोरडी सोडायची. मला कधी काही बोलली नाही, मी कधी काही बोलले नाही. सारवलेल्या भिंतीत ते कोरडे तुकडे खिडक्यांसारखे दिसायचे. (मागच्या खेपेला तुझ्या हातातलं फडकं मी का ओढलं, ते आता थोडं थोडं कळत असेल.)

मग काकीला दिवस गेले. तिला माहेर नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. खोलीला नवा चुना दिला, बाज टाकली. गिरजामाय नावाची सुईण होती, तोंडानं फाटकी पण हातानं देवमाणूस. मुलगी झाली. तीच तुझी आई, कमळ. घरात दोन वर्षांनी लहान लेकराचं रडणं आलं. ओवा आणि बाळंतशेपाच्या धुरीनं घर भरलं. मी दिवसभर बाजेच्या पायाशी बसून ती इवलीशी मूठ उघडते कधी आणि मिटते कधी एवढंच बघायची. आणि मनात मोजायची, बसायला लागेल, मग रांगायला लागेल, मग मागच्या दारातून परसात, आणि जमीन चालत चालत जाऊन एकदम संपते.

पाचवा दिवस आला. पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहिते, हे तुला कदाचित माहीत नसेल, तुमच्याकडं आता दवाखान्यातच सगळं होतं. पाटा-वरवंटा धुवून पुजायचा, घुगऱ्यांचा निवद, दिवा, आणि तिला लिहायला म्हणून कोरा कागद नि पेन. काकांनी वहीतून मधला कागद फाडून दिला. पाटा खाली मांडला, आणि कागद वरच्या कोनाड्यात, त्यावर खण झाकून. आमच्या घरची रीत अशी की सकाळी तो कागद न बघता घडी घालून आडात सोडायचा. पूजा करताना गिरजामाय आईच्या कानात पुटपुटली, पण तिचं पुटपुटणं म्हणजे गावभर. "तुझ्या धाकटीच्या पाचवीला बी मीच व्हते गं माय. तिचं पाचवीलाच पाण्यात लिवलं व्हतं. कागद कोराच ठिवतो आपण, ती काय बी लिवून जाती."

ते मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. कागद कोरा ठेवतात म्हणून ती लिहिते. भरलेला असेल तर लिहील कुठं?

दिवेलागणीला बाया ओसरीवर घुगऱ्या खायला बसल्या. काकीला डोळा लागला होता. मी कोनाड्यातला कागद काढला, पाट्यावरच्या वाटीतली हळद पाण्यात कालवली आणि बोटानं कागद भरायला लागले. मधोमध आड, नुसतं एक गोल भोक. त्याच्या एका बाजूला सुली, हात आडवा धरलेली, हनुवटीवर ठिपका. दुसऱ्या बाजूला, लांब, काकी आणि तिच्या मांडीवर बाळ. उरलेल्या जागेत बैल, चूल, भाकऱ्या, पाखरं, हाती येईल ते. टाचणी ठेवायला जागा सोडली नाही. ओला कागद तसाच कोनाड्यात ठेवला, खण झाकला. मी दारातून बाहेर पडताना मागं खोलीत शेवाळाचा वास आला. आड उपसताना येतो तसा. मी वळून बघितलं नाही. मागं बघायची सवय मी मोडली होती.

सकाळी गिरजामाय कागद काढायला गेली आणि किंचाळलीच. "आवो आबा! आवो हिकडं या!" घडी घालायला उचललेल्या कागदातून तांबडंलाल फुटून आलं होतं. रक्तासारखं. आता कुठलीही शाळकरी पोर सांगेल की हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि कोनाड्याचा चुना अजून कच्चा होता. पण त्या सकाळी त्या खोलीत हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. माझ्या पिवळ्या रंगाचं हे काय झालं, म्हणून मी मागं दाराशी सरकले. गिरजामायनं कागद उलगडला. "लिवलेलं न्हाई. काढलेलं हाय. ही बघा पोरगी. हनवटीला ठिपका हाय."

आबांनी कागद डोळ्यांशी धरला. किती वेळ धरून उभे होते ते. काकी बाळाला छातीशी घेऊन रडायला लागली, "माझ्या लेकराचं बी पाण्यातच लिवलं का हो?" आणि तेवढ्यात काका म्हणाले, "आबा, आडाभवती हे काळं काय हाय?"

आडाच्या लाल गोलाभोवती एक जाड काळं कडं होतं. काजळाचं. नीट, सगळीकडून बंद.

रेणू, ते मी काढलेलं नव्हतं. मी काजळाला हात लावला नव्हता.

"कठडा हाय तो," काका म्हणाले. "सटवाईनं कठडा काढून दिलाय."

"आसरांच्या आडाला दगड लावता येत न्हाई," आबा म्हणाले, पण आवाज रोजचा नव्हता.

"मग आता कुणाचं ऐकायचं ते तुमीच सांगा. आसरा म्हणत्यात लावू नका, ही सोता येऊन म्हणती लावा."

"त्या सात जणी हायेत, बाबा. ही एकटी."

"एकटी आसंल," गिरजामाय मधेच फुटली, "पर कपाळं हिच्या हातात हायेत. तुमचं बी हिनंच लिवलंय, इसरू नका. आन कागद आडात सोडू बी नका. सटवाईचा हुकूम बुडवाल तर मी पुन्यांदा या घराची पायरी चढायची न्हाई."

सगळी भांडत होती आणि मी दाराशी उभी होते, उजवा हात पाठीमागं. बोट नखापर्यंत पिवळं. मी तोंड उघडून "माझं आहे ते" म्हणाले असते, तर सगळे हसले असते, मला एक धपाटा बसला असता, कागद आडात गेला असता आणि आड तसाच उघडा राहिला असता. एवढं त्या वयातही मला कळलं. तेवढ्यात आईची नजर माझ्या खांद्याशी आली. ती शांतपणे उठली, माझं मनगट धरलं आणि मला चुलीपाशी नेऊन माझा हात पिठाच्या परातीत कोपरापर्यंत घातला. "मळ," म्हणाली. कणीक मळून झाली तेव्हा बोट इतर बोटांसारखं झालं होतं. आतून आबांचा आवाज आला, "बांधा. बांधा बाबा. काय व्हायचं ते माझ्या एकट्यावर घेतो."

बांधाचे दगड बैलगाडीनं आणले. गवंडी गावातलाच, पण पहिला दगड लावायला तो तयार होईना. "आमच्याबी घरी लेकरं हायेत, आबा," म्हणाला. तेव्हा आबा स्वतः पुढं झाले. भर दुपार, वारा नाही. आसपासची माणसं परसात जमलेली, पण कुणी काठाजवळ यायला धजत नव्हतं. मी आईच्या पदराशी. आबांनी आडात हळद-कुंकू सोडलं, काहीतरी पुटपुटले, दगड उचलला आणि काठाशी वाकले. आणि तसेच थांबले. मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी तिचं नाव घेतलं. समोर उभ्या लेकराला सांगावं इतक्या साध्या आवाजात.

"सुले, मागं सर गं. लागंल तुला."

रहाट एकदाच कुरकुरला.

"सरली ती," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, घोगरा, गंज चढलेला. सगळा परस माझ्याकडं वळला. आई खाली बसली, मटकन. आबांनी दगड लावला, त्यावर दोन्ही हात टेकले आणि म्हातारा मोठ्यानं रडला. "सुली, सुली, माझी सुली," एवढंच. मग आईनं नाव घेतलं, मग काकांनी. दोन वर्षं कोंडलेलं नाव परसात एवढ्या वेळा घेतलं गेलं की आडानं कुणाकुणाला परत द्यायचं. त्यानं एकालाही परत दिलं नाही. त्या दिवसापासून त्या आडात आवाजच घुमत नाही, आणि रहाटही दुपारचा कुरकुरायचा थांबला. तू कधी वाकून हाक मारून बघ.

बैल मेला नाही, घराचं वाटोळं झालं नाही. त्या उन्हाळ्यात गावातल्या दुसऱ्या उघड्या आडांनाही कठडे आले. बाया आपापल्या घरी सांगायच्या, "आबाच्या घरी सटवाईनं कागदावर काढून दिलंय." तुझी आई त्या कठड्याला धरून उभं राहायला शिकली. आणि माझं तोंड जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. पुढं गौरी-महालक्ष्म्यांना, पोळ्याला, लग्नाला गावातल्या भिंती रंगवायला मलाच बोलवायचे. आबा गेले तोवर मी त्यांना खरं सांगितलं नाही. यात माझं चुकलं असं तुला वाटतं का? मला अजून ठरवता येत नाही.

कागद आबांनी देवांच्या डब्यात ठेवला होता, पुढं मी माघारी याच घरी राहायला आले तेव्हा तो माझ्याकडं आला. लाल आता विटकरी झालं आहे, काळं तसंच आहे. त्या काळ्या कड्याच्या शेवटी, जिथं ते बंद झालं, तिथं काजळाच्या बोटाचा एक ठसा उमटलाय. मला वाटायचं आईनंच काढलं असणार ते कडं, भिंतीवरच्या कोरड्या जागा सोडणारी तीच ना. लग्न ठरलं तेव्हा भाकरी करताना तिला विचारलं. ती म्हणाली, "मी त्या सांजच्याला पूजा झाल्यावर खोलीत गेलेच न्हाई. मला तर वाटलं तूच काढलं."

मी म्हणाले, "आई, तो ठसा मी तेव्हाच मापून बघितला होता. माझं बोट मोठं पडतं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, आणि टोपल्यात टाकली. मग आम्ही जेवढी माणसं होतो त्याहून एक भाकरी जास्त थापली. तिनं ती कुणाला खायला दिली नाही, कुत्र्यालाही नाही. कठड्यावर नेऊन ठेवली.

आता तुझ्या जाईचं. तू फडकं फिरवलंस त्यातून अर्धं वाचलंय. मी चष्मा लावून नीट बघितलं. एक गोल, त्याला जाड काळं कडं, पण पूर्ण झालेलं नाही, एका बाजूला बोटभर जागा उघडी आहे. कड्यावर दोन पोरी पाय बाहेर सोडून बसल्यात. एकीच्या हनुवटीवर ठिपका आहे. सुलीचा फोटो कुणी काढला नव्हता, आणि तिचं नाव मी तुझ्यापाशी आज पहिल्यांदा काढते आहे. जाईला तुमच्यापैकी कोण सांगणार होतं? मी तिला काही विचारलं नाही, तूही विचारू नकोस. दोन दिवस ती माझ्याकडं होती, तेवढ्यात दोनदा तिनं मला हात धरून त्या भिंतीपाशी नेलं आणि त्या उघड्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मग तू चापट मारलीस आणि कोळसा तिच्या हातातून पडला.

तो कोळसा मी कोनाड्यात जपून ठेवलाय. दिवाळीला सगळं घर सारवलं, त्या भिंतीवर चित्राभोवती वीतभर कोरडी जागा ठेवून. पण परवापासून रहाट पुन्हा कुरकुरायला लागलाय, दुपारचा, एकदाच. म्हणून म्हणते, सुट्टीबिट्टीची वाट बघू नकोस. येत्या रविवारीच ये, तिला घेऊन ये. मी तुझ्यासाठी धपाटे करीन. तिला मात्र कुणी काही बोलायला लावायचं नाही. तिला तिचं कडं पूर्ण करू दे.